दोन पोती

घर एकोणचाळीस वर्षांचं, मी चौसष्टची.
म्हणजे त्यानं मला ताई म्हणायला हवं,
पण गुडघे आमचे एकाच साली गेले.

मार्चअखेर सांगलीच्या बँकेतली ठेव मोडली. एक लाख चाळीस.
ड्यूटीच्या जुन्या वहीत कोरं पान सापडलं, त्यावर यादी:
मीटरचा बोर्ड (हे आधी, यावर वाद नाही),
गच्चीची गळती, जिन्याचा कठडा,
जस्ताच्या पायपा, नळ सोडला की आधी तांबडं, मग पाणी,
बसायचा संडास काढून कमोड,
आणि नाताळला रंग, जमला तर.

बेरीज दोन लाख सहा हजार.
पुन्हा केली.
दोन लाख सहाच.

पस्तीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात
एसटी उलटून आली की दारातच ठरवायचे
कोण थांबू शकतं, कोण नाही.
जो ओरडतो त्याला थोडा वेळ असतो.
गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं.
इथंही तेच लावलं.
रंग ओरडत होता. तो बाहेर बाकावर.
कठडा कण्हत होता. त्यालाही म्हटलं, बस जरा.
मोरीवरचा स्लॅब मात्र चकार शब्द काढत नव्हता.
नुसता एक ओला डाग, तळहाताएवढा.
पेन्सिलीनं कड आखून मी तारीख घातली होती.
तीन पावसाळ्यांत तो ताटाएवढा झाला.

सिद्रामला बोलावलं, म्हैसाळहून.
घर त्याच्या वडिलांनीच बांधलेलं, भीमण्णा गवंड्यांनी.
ओळंबा धरताना एक डोळा मिटून पुटपुटायचे.
सिद्रामनं कलिंगड वाजवावं तसं छत वाजवलं.
"सिस्टरबाई, पोकळ बोलतंय."
दुपारपर्यंत खपल्या पडल्या.
आत सळई फुगलेली, पापुद्रे सुटलेले.
पडलेला एक तुकडा त्यानं मुठीत दाबला.
भुगा. बोटांतून वाळू गळाली.
तो वाळूकडे बघत राहिला.
चहा निवला.

संध्याकाळी हिशेब सांगताना, दुसरीकडे बघत:
"मजुरीचं चार हजार कमी धरा."
का, ते मी विचारलं नाही.
त्यानं गाडीला लाथ मारली, गेला.

रात्री झोप नाही.
शहाऐंशीचा मे. भीमण्णा इथंच उभे, डोक्याला टॉवेल.
आठ पोती लागतील, बाई.
जागा बाबांची, कर्ज माझं, पगार सातशे वीस,
त्यातून हप्ता, त्यातून बाबांचा मोतीबिंदू,
आणि पोतं पासष्टला.
मी म्हटलं, सहात बसवा की. मोरीच तर आहे.
ते म्हणाले, बसवू नये.
मी म्हटलं, बसवा.

ते जाऊन बारा वर्षं झाली.
आणि आज दुपारी त्यांच्या मुलानं
माझा गंज आपल्या घराण्याला लावून घेतला.

सकाळी तो घमेलं धूत होता.
सांगितलं. एका दमात,
जसं व्हरांड्यात उभ्या नातेवाइकांना सांगतात.
तुझ्या वडिलांनी नाही रे. मी कमी करवली. दोन पोती.

त्यानं घमेलं पालथं घातलं.
वर उघड्या सळयांकडे बघितलं, बराच वेळ.
"आण्णा कधी बोललं न्हाईत."
मग जरा थांबून,
"तारेचा ब्रश हाय का घरात?
गंज घासल्याबिगर वर काय धरायचं न्हाई."

मजुरी पुरी लावली. कमोड पुढल्या वर्षी.
वहीत, बेरजेच्या रेघेखाली, जागा नव्हती तिथं,
एक ओळ कोंबली:
सिमेंट, पोती दोन. सन १९८६ ची बाकी.
आजच्या भावानं सातशे ऐंशी.

मोरीत अजून टोपल्यानं वाळू पडते आहे.
मी बादली सरकवून ठेवली.