दार उघडतं आणि सकाळ होते

विट्यात मागावर तीस वर्षं काढली
की उजव्या कानानं कमी ऐकू येतं.
तरी भाच्यानं मोबाइल पुढं केला तेव्हा
ती कडी वाजलेली मला डाव्यानं नीट कळली.
‘मधली खोली’ पुन्हा काढतायत.
नवे नट, नवं घर,
आणि खाली लाल अक्षरांत : या वेळी सगळं दिसेल.

सगळं दिसेल.
तेच तर, बाबा.

खरसुंडीच्या यात्रेत, बैलबाजाराच्या पलीकडं तंबू होता.
खुर्चीला दीड रुपया, जमिनीला बारा आणे.
आम्ही जमिनीवर, मी आणि दस्तगीर मुलाणी,
चिरमुऱ्याचा एक पुडा दोघांत.
मशीनवर त्याचा चुलता बाबालाल,
विडी विझवूनच रिळाला हात लावणारा.
वारा सुटला की पडदा फुगायचा
आणि पडद्यावरचं घर
झोपलेल्या माणसासारखं श्वास घ्यायचं.

बाई कंदील घेऊन मधल्या खोलीपाशी येते.
आत कुणीतरी दळतंय.
जातं फिरतंय, दाणे नाहीत.
ती कडी काढते.
दार उघडतं
आणि सकाळ होते.
अंगणात ऊन. बाई दोरीवर लुगडं वाळत घालतेय.
केस पांढरेफेक.

एवढंच.
तंबूत अडीचशे माणसं, एक पोर रडेना.
बाहेर कुठल्याशा बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली,
तसा पुढचा मिशीवाला गडी उठला
आणि बायकांच्यात जाऊन बसला.

बारा वर्षांनी टीव्हीवर लागला तेव्हा कळलं,
मध्ये चार मिनिटं होती.
कापसाचे केस लावलेली म्हातारी,
हिरवा उजेड, प्लॅस्टिकचे दात.
दस्तगीर हसला. मग गप्प झाला.
रीळ आधीच कुठंतरी जळालं होतं,
बाबालालनं जळका तुकडा कापून टोकं चिकटवली
आणि पैसे परत मागायला कुणी आलं नाही.
आमच्या जन्मातलं सगळ्यात मोठं भय
म्हणजे एक कात्री आणि थोडा डिंक.

म्हणून नव्या साहेबांना पत्र लिहिलंय.
पाठवायचं कुठं ते कळेना, टीव्हीखाली पडलंय.
जात्याचा आवाज मशीनवर करू नका.
रिकामं जातं वेगळं बोलतं,
त्याला दळलेली बाई लागते,
आटपाडीकडं अजून आहेत दोन-चार.
दर पाच मिनिटांनी मांजर उडवू नका.
आणि आतल्या बाईला कारण देऊ नका.
तिला कुणी छळलं असेल, कुणी जाळलंही असेल,
पण भूत म्हणजे कोर्टातला दावा नव्हे
की शेवटी निकाल लागलाच पाहिजे.
वारा मात्र ठेवा. जमला तर.

आशाही आहे, सांगायला लाज वाटते.
वाटतं, त्यांच्यात एखादी पोरगी असेल कापाकापीला,
जिचा बाप असाच कुठल्या तंबूत जमिनीवर बसलेला.
रात्री उशिरा, बाकीचे चहाला गेले असताना,
त्या चार मिनिटांवर ती बोट ठेवेल
आणि पुसून टाकेल.

कारण आता मला भीती वाटते ती
लाइट बिलाची, रक्तातल्या साखरेची,
पोराचा फोन दोनदा लागला नाही याची.
असल्या भीतीत काही राम नाही.
ती जुनी एकदा अंगावर यावी,
पाठीच्या मणक्यापासून, चिरमुरे मुठीत तसेच.

बायको म्हणते, एवढं आहे तर जाऊच नका.
जाणार तर. पहिल्या दिवशी, सांगलीला,
दस्तगीरच्या शाळेच्या व्हॅननं.
त्याला सांगून ठेवलंय :
ती कडीला हात घालेल तेव्हा
मी डोळे मिटणार, चांगला कान दाबून धरणार.
सकाळ झाली की कोपर मार.

तो व्हॅनची काच पुसत होता.
पुसता पुसताच म्हणाला,
“आन् न्हाई झाली तर?”