एकास पस्तीस

मस्कतहून पुतण्याने पाठवलेल्या खोक्यात
रणगाडा दोनशे सत्तर तुकड्यांत होता
आणि माहितीपत्रक जपानीत.
चित्रं बघत बघत जोडला.
गोंदाचा वास तीन दिवस
घरातल्या बांगड्यांना पुरून उरला.

वेंगुर्ला डेपोत एकतीस वर्षं
मी गंजावर लाल रंग मारला.
पत्रा खरवडायचा, लांबी भरायची, वर दोन हात,
आणि गाडी पुन्हा पणजीच्या वाटेला.
आता निवृत्त झालोय
तर रंगावर गंज मारतो.
शालन म्हणते, गेटाकडे बघा,
तिथे फुकट मिळतो.

रीत अशी:
आधी सगळा तपकिरी, करपलेल्या गुळाचा.
वाळला की बोटाने पाणी लावायचं,
आणि जिथे बूट लागतात, झाकण आपटतं,
तिथे चिमटीने मीठ.
बारीक नको. पिशवीतलं पांढरंशुभ्र तर नकोच.
इथलंच, शिरोड्याच्या मिठागरातलं,
जाडं, जरा मळकं,
केरकराच्या दुकानात गोणीत उघडं असतं ते.
त्यावर हिरवा.
रात्रभर ठेवून जुन्या दातब्रशाने घासलं
की खडे सुटतात हिरव्याचा पोपडा घेऊन
आणि खालचं उघडं पडतं,
थेट माझ्या खिडकीच्या गजासारखं.
मीठ तेच.
तिथे वाऱ्याने टाकलेलं, इथे मी,
एवढाच फरक.

विश्राम धुरी कोयती मागायला आला.
चष्मा कपाळावर सरकवून
नाक टेकेल इतका वाकला.
"ह्येका कोणी मारल्यान?"
कुणी नाही, म्हटलं, जुना दाखवायचाय.
ओरडून म्हणावं लागलं;
त्याचा डावा कान
अजून त्या लोखंडातच आहे.
"जितो असता तो गंजना नाय.
सकाळ-सांज ग्रीस मारू आमी.
गंजता तो मेललो."

मग बसलाच.
स्पर्श न करता बोट फिरवत राहिला.
हय झाकणाची कड, बसान-उठान
नव्या रुपयासारखी चकचकायची.
हय डिझेल सांडायचा, रोज, त्येच्यार धूळ.
मागे बालदी, नायराची गोधडी,
आणि एक मडक्या, खंयसून आणलेला देव जाणे.
चाकांवरची माती बघून हसला.
मी घरामागचा जांभा कुटून
चहाच्या गाळणीतून गाळला होता.
"ही आपली. थंयची पिवळी,
दूध आटल्यासारखी."
त्या मातीत पुढे काय झालं
ते विचारायला मी तोंड उघडलं,
तर तो उठला,
कोयतीची धार अंगठ्यावर बघितली
आणि पायरी उतरला.

त्या रात्री सगळा गंज झाकला.
पुन्हा डेपोच.
शिसपेन्सिलीची पूड करून
झाकणाच्या कडेला बोटाने घासली, बराच वेळ,
माणूस बसून उठून घासतो तेवढी नाही
तरी जमेल तेवढी.
काळपट तेलाचा एक ओघळ टाकीखाली.
चाकं धुतली.
एका फटीत तांबडी पूड अडकली,
टाचणीनेही निघेना.
राहू दे म्हटलं.

श्रावणात काचेचं कपाट उघडलं
तर ओढायची दोरी गंजलेली.
क्लचच्या जुन्या वायरीतली एक तार
मीच पिळून लावली होती,
तिच्यावर रंग मारायचा राहून गेला होता.
मला मीठ-ब्रश-तीन रंग लावून जे जमलं नव्हतं
ते तिने एकटीने, कपाट बंद असताना
करून ठेवलेलं.
काय तो रंग! मी शालनला हाक मारणार होतो.

धुरी मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
बोलला काही नाही.
स्वतःच्या टाळूवरून बोट फिरवलं,
सकाळचं खोबरेल होतं तिथे,
आणि ते बोट
त्या सुतळीएवढ्या तारेवरून
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.
मग परत आणलं.
काच लोटली.

कोयती अजून त्याच्याकडेच आहे.