माल पडून आहे

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
सकाळी अकराला, गाड्या खाली झाल्यावर
मी लॅपटॉप उघडते.
खुर्ची एकच, म्हणून उत्तर देणारा
रिकाम्या बारदानाच्या गठ्ठ्यावर.

क्रमांक एकेचाळीस. हणमंत शेडगे.
वय छप्पन्न, शिक्षण चौथी, गाव जावळीकडचं,
राहणार कोपरखैरणे.
मानेखाली गोण्यांनी घडवलेला घट्टा,
त्यासाठी प्रश्नावलीत प्रश्न नाही.

‘पंधरा शब्द वाचते, काका.
आठवतील तेवढे सांगा, क्रम कसाही चालेल.’
घंटा. पडदा. नदी. कात्री. सुतार...
चार आले.
त्यातला एक यादीत नव्हताच.
मी तीन लिहिले.

मग चहा येईपर्यंत, गप्प बसवेना म्हणून
त्यांनी आजची सकाळ सांगितली :
लासलगावच्या गाडीतून अठ्ठावीस, त्यात दोन ओल्या,
त्या भिंतीकडे काढल्या.
मंचरच्या बटाट्यात एक फाटकी,
तोलणाऱ्याने ती दोनदा धरली, म्हणून एक वजा.
कालच्या सहा अजून कोपऱ्यात आहेत, मालक लग्नाला गेलाय.
कागद नाही.
बोटंसुद्धा मोडली नाहीत.

‘परत वाचा,’ म्हणाले. ‘पण दमानं.
एकेक खांद्यावर द्या.’
डोळे मिटून घेतले.
मी घंटा म्हटलं आणि ते
अगदी जरासे, पण वाकले.

वीस मिनिटांनी विचारलं तर
उठून उभे राहिले. बारा.
सगळे उलटे, शेवटचा आधी.
‘मागनं भरलेलं दाराशी असतं, बाई.
घंटा पार आत, केबिनला टेकून.’

ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षी
आम्हाला सांगितलं होतं :
पुस्तक हरवत नाही, चुकीच्या जागी असतं.
मी ते वहीत लिहून घेतलं होतं.
वही कुठे आहे माहीत नाही.

शेवटचं पान, समाधानाचं.
याचं भाषांतर करायला मला दोन महिने लागले.
‘गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा प्रसन्न वाटलं?’
‘प्रसन्न देव होतो. माणसाला बरं वाटतं.’
‘बरं, मग बरं किती? एक ते सात.’
ते खरंच विचार करत होते.
समोरून हातगाडी गेली, तिला पाय आखडून वाट दिली.
‘बरं म्हणजे बरं.
मोजायला लागलं की
कमी भरतं.’

रात्री सरांची मेल :
एकेचाळीसचा क्रम उलटा कसा?
नोंदीतली चूक असेल तर वगळू या.
आणि समाधानाचा रकाना रिकामा आहे.
मी उत्तर लिहिलं, खोडलं.
फोन वाजला, आईच्या गोळीची आठवण.
आईने ती आठलाच घेतली होती,
तिला कुणी आठवण केली नव्हती.

तीन आठवडे झाले. मेल तशीच आहे.
आज गाळ्यांच्या बोळात ते समोरून आले,
पाठीवर गोणी, नजर जमिनीला,
मला चपलांवरून ओळखलं असावं.
‘बाई, तुमचा माल अजून पडून आहे.
सुतार, कात्री, नदी, पडदा, घंटा. सगळा.
जागा अडलीय.
कधी नेताय?’

आणि थांबले नाहीत,
बाजू, बाजू म्हणत
पुढे गेले.