डावी मांडणी

सारेमा बेटावर, मासळीच्या धक्क्यामागे
ही शेड. दारावर अजून हेल्दुर असं रंगवलेलं.
आता माझी म्हणायची.

जुन्या गमबुटाचा पाय कापून
त्याची पट्टी भिंतीला ठोकलेली,
प्रत्येक फुगवट्यात एक पेचकस.
मासळीच्या चपट्या डब्यांत ब्लेडं, वॉशर;
एका डब्याला अजून धुराचा वास.
फुटक्या स्पीकरातलं चुंबक
छोट्या पान्याला धरून बसलंय, सोडतच नाही.
बर्चच्या ओंडक्याला भोकं:
पटाशीला लागेल तेवढीच जागा,
वर एक केसभर.

सगळं डावीकडे.
बाबा डावखुरे, मी उजवी.
पहिल्या हिवाळ्यात दर वेळी हात
मोकळ्या भिंतीवर आपटायचा
आणि मी शिव्या द्यायचे. त्यांना, बाकाला,
एकदा तर त्या चुंबकालाही.

शेजारचा उर्मास म्हणाला, हलव की सगळं,
अर्ध्या दिवसाचं काम.
शनिवारी आला ड्रिल घेऊन.
ओंडका उचलला, तर खाली
पेन्सिलीच्या रेघा, तीनतीनदा खोडलेल्या.
कानस एकदा इथं, एकदा तिथं.
म्हणजे त्यांनाही जागा
लगेच सापडली नव्हती.

ड्रिल तसंच राहिलं. कॉफी झाली.
एक कानस तेवढी मी उजवीकडे आणली,
गमबुटाच्या उरल्या तुकड्यात.
बाकीचं बघू, म्हटलं.

परवा वीज गेली.
अंधारात डावा हात आपणहून निघाला
आणि पटाशीच घेऊन आला.