माझे शासन

काका जेटीवर येतो तेव्हा
सर्जेकोटात आता कोणी उठून उभं राहत नाही.
बर्फवाला म्हणतो, सायबानू, वायच सरका,
आणि माजी राज्यपाल अच्युत कोयंडे
दोन पावलं सरकतात, सुकत घातलेल्या बांगड्यांच्या कडेला.

पाच वर्षं होता तो
समुद्र नसलेल्या राज्यात.
देवदार, बिगूल, पांढऱ्या हातमोज्यांचा शिपाई,
आणि ताटात तळ्यातला मासा,
ज्याला, पत्रात लिहायचा, मीठ माहीतच नाही.

वर्षातून एकदा सभागृहात भाषण.
माझे शासन पूल बांधील.
माझे शासन टंचाई दूर करील.
लिहिलेलं दुसऱ्याचं.
आम्ही टीव्हीसमोर बोटं मोडत मोजलं,
एकेचाळीस वेळा 'माझे'.
बाबा जाळ्याची गाठ दातात धरून हसले:
हय तर एक वल्हापण नाय तेच्या नावार.

एकदा रात्री अडीचला फोन वाजला.
बोट बाहेर होती. आई देवाजवळ जाऊन बसली.
काकाच होता. विचारत होता,
वारो खयचो आसा?
मतलय, बाबा म्हणाले. भायर जावक बरो.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
मागे कुठेतरी फॅक्सची घरघर.
मग, बरां.

तिसऱ्या दिवशीच्या पेपरात
ते मंत्रिमंडळ बरखास्त झालं होतं.
शिफारस राज्यपालांची, असं छापलेलं.
बाबा शेवटपर्यंत म्हणायचे,
ता सरकार माझ्यामुळां पडला.
लोक हसायचे. बाबाही हसायचे, पण
त्यानंतर कोणी वारा विचारला की
आधी विचारायचे, कित्याक?

शेरवानी ट्रंकेत आहे, कापूर घालून.
एक बटण मीच काढलं,
डिझेलच्या कॅनचं झाकण बांधायला.
काकाने पाहिलं. बोलला नाही.

काल परताव्याचा अर्ज घेऊन गेले.
साक्षीदार म्हणून सही हवी होती, एवढंच.
काकाने चष्मा लावला.
दर ओळीखाली नख ठेवून वाचलं.
मग छत्री घेऊन जेटीवर आला,
बोटीचा नंबर स्वतः ताडून पाहिला,
खलाशांना नावं विचारली,
इंजिनात डोकावला, ज्यातलं त्याला काही कळत नाही.

काका, म्हटलं, नुसती सही करायची.

नुसती, तो म्हणाला,
आणि पेनाला टोपण लावलं.
उद्या ये.