चार वार

केसपेपरच्या पाठीवर सिव्हिलच्या बाईंनी
चार वार लिहून दिले, औषधासारखे.
जेवणाआधी की नंतर, मी विचारलं.
बाई हसल्या नाहीत.

सोमवार, कॅम्प.
चर्चमागचा हॉल, गोल मांडलेल्या खुर्च्या,
अर्धी कोकणी, अर्धं इंग्लिश.
एक रिटायर सुभेदार बराच वेळ बोलला,
शेवटी रडला.
मी बरोबर जागी मान हलवली.
त्याचं काय झालं होतं ते आजवर माहीत नाही.
बिस्किटं चांगली होती.

मंगळवारी शहापूर. मराठी. आपलीच माणसं.
इतकी आपली, की पुढच्याच खुर्चीत
नीळकंठ हुंदरे, माझ्या कर्जाला जामीन.
उठलो आणि सगळं सांगितलं:
उद्यमबागेतली भट्टी, रात्रपाळीची धग,
सोनाराच्या काट्यावर द्वारकेचं गंठण.
कुठं थांबायचं, कुठं आवाज पाडायचा,
हे मला कुणी शिकवायला नको.
वीस वर्षं शपथा घेतल्यात मी मराठीत,
यल्लम्माच्या, जोतिबाच्या, पोरीच्या गळ्याच्या.
लोकांचे डोळे भरले. हुंदऱ्यानं पाठ थोपटली.
त्या थापेच्या तोऱ्यात गोवावेसपर्यंत चालत गेलो
आणि तिथं बसलो.

बुधवारची दुपारी तीनला होती.
त्या वेळी नोकरी गेलेलेच येणार.
माझी अजून जायची होती.

गुरुवार, वडगाव. विणकर सोसायटीची माडी.
शेजारी बारीक अक्षरात: कन्नड.
द्वारका म्हणाली, तिथं काय कळणार ओ तुम्हाला?
म्हटलं, सोमवारी काय कळलेलं?

भिंतीपलीकडं माग चालूच. खटक् खटक् खटक्.
मनातलं असं हळू सांगताच येत नाही तिथं,
ओरडावं लागतं.
प्यायलो! बायकोवर हात टाकला!
आणि मधेच वीज गेली की
शेवटचा शब्द एकटाच उभा राहतो खोलीत.

माझं कन्नड रविवार पेठेतलं,
दर विचारण्यापुरतं.
त्यात देव नाहीत, गंठण नाही,
गळा कसा दाटवायचा ते ठाऊक नाही.
माझी पाळी आली. म्हटलं, साकु.
पुरे झालं, एवढंच येत होतं. बसलो.
कुणी पाठ थोपटली नाही.

फौंड्रीत आम्ही नग हातोडीनं वाजवून बघतो.
वरून घोटीव, चकचकीत,
आत हवा राहिली असली तर
आवाज बद्द येतो.
तसा आला.

चाव्या शिवपुत्र कुरबेटकडं.
खुर्च्या एकावर एक रचताना
मोडक्यातोडक्या भाषेत त्याला सांगून टाकलं,
एका नोव्हेंबरात, पिऊन,
तुमच्या पाटीला डांबर फासलंय मी.
तो खुर्ची धरून उभाच.
मग म्हणाला, स्वच्छ मराठीत,
मी निपाणीत. तुमच्या.
शिडीवरून पडलो, पायात सळई आहे अजून.
आणि चालून दाखवलं.

आता शब्द वाढलेत थोडे.
इवत्तु म्हणजे आज.
नाळे म्हणजे उद्या,
त्याला अजून हात लावू नको, कुरबेट सांगतो.
ब्याडा मला आधीच येत होतं,
नासकी वांगी परत करताना.

रात्रपाळीहून येताना गोवावेसच्या दारातलं पोरगं
हाक मारतं, काय ओ मामा, येईना झालाय?
मराठीत याला शंभर उत्तरं आहेत माझ्याकडं,
त्यातली नव्वद आत घेऊन जातात.
मी म्हणतो, इवत्तु ब्याडा.
त्याला वाटतं थट्टा करूलालोय.

द्वारका दार उघडताना अजून वास घेते.
घेऊ दे.
आज शुक्रवार.
बाईंच्या यादीत शुक्रवार नाही.