शेवटचे पाहिले

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. रात्रीचे साडेअकरा.
घरातली झोपली की मी
मिठागरांच्या अहवालात शिरते.
कुठल्याशा लांबच्या विद्यापीठानं स्कॅन केलेला,
पान सत्तेचाळीसवर कुणाचा तरी अंगठा आलाय,
रबरी टोपी घातलेला, गुलाबी;
तीन गावांचं उत्पन्न त्याच्याखाली.

शोधपेटीत लिहिते: उघाडी.
यंत्र आदबीनं विचारतं,
तुम्हाला 'उघडी' म्हणायचं होतं का?
नाही रे बाबा. उघाडी.
उधाणाचं किती पाणी आत घ्यायचं
ते ठरवणारी लाकडी झडप.
ते दाखवतं: आत्ता उघडी असलेली हॉटेलं,
घणसोली, चार पूर्णांक एक तारे.

अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं तर
सगळे आगरी आजारी करून ठेवलेत.
'या भागात बाराशे आजारी,
पैकी सातशे मिठावर.'
चूकच आहे.
तरी बराच वेळ मी ती दुरुस्त केली नाही.

एक लेख हवा होता. चौतीस डॉलर.
विषय, आमची खाडी,
जी ऐरोलीच्या पुलावरून फुकट दिसते.
लेखिकेलाच मेल टाकला.
पहाटे तिनं लेख पाठवला, खाली एक ओळ:
तिथला वास अजून तसाच आहे का?
काय कळवू? नाक सरावलंय.

अहवालात एकच फोटो.
खाली छापलंय: अनोळखी मजूर.
रविवारी टॅब घेऊन बोनकोड्याला गेले,
जोमाकाकांच्या ओट्यावर.
त्यांनी दोन बोटांनी फोटो ताणला,
नातवंडांचे ताणतात तसा.
"यो धाया. यो पदू.
टोपली उचलतंय ती चांगुना.
फोटूवाला थांब बोलला तिला.
ती थांबली नाय."

तिचा हात पुसट आहे.
चार महिने मी तो
स्कॅनचा दोष समजत होते.

घरी येऊन तळटीप लिहायला बसले.
संकेतस्थळाला नमुना ठरलेला असतो:
नाव, साल, पत्ता, शेवटचे पाहिले.
त्यात जोमाकाका बसेनात.
सालं दोन, एक आधारवरचं,
एक बांध फुटला त्या वर्षाचं.
शेवटी लिहिलं:
जोमा, ओटा, बोनकोडे.
शेवटचे पाहिले: रविवार, सव्वापाच,
स्टुलावर चढून ट्यूब बदलताना.
गाईड म्हणाले, हे चालणार नाही.
ठेवलंय अजून.

सोमवारी अहवालाची लिंक उघडेना.
पान सापडले नाही, असं आलं.
माझ्याकडे उतरवून घेतलेली प्रत आहे,
तिच्यातही अंगठा आहेच.
त्याच्याखालची तीन गावं कुठली,
ते विचारायला
येत्या रविवारी जायचंय.